फाळक्यावरची सीनरी आणि छत्रीवाला फ्रेंच

सत्तरच्या दशकात तुम्ही औरंगाबाद-बीड रोडनं गेला असाल, एखाद्या ट्रकच्या मागं अडकला असाल आणि ड्रायव्हर साइड देत न्हाई म्हणून धूळ खात बसला असाल, तर माझी चित्रं तुम्ही पाहिलेली आहेत. मोठ्या शहरात प्रदर्शनं भरतात, तिथं माणूस एका चित्रापुढं मिनिटभर थांबला तरी चित्रकार धन्य होतो म्हणे. माझ्या चित्रापुढं लोक अर्धा अर्धा तास असायचे. आता ते शिव्या घालत बघायचे, ही गोष्ट वेगळी.

मी अंकुश पेंटर. शहागडला गोदावरीच्या पुलाअलीकडं, पंक्चरवाला आणि चहाचं हॉटेल यांच्या मधात, माझी पत्र्याची टपरी होती. घर आमचं कुंभार पिंपळगावच्या पलीकडं, नदीकाठच्या एका लहान गावात. शेती, बैल, माळवदाचं मोठं घर, सगळं बराबर होतं. पण मी नांगर धरला की तास वाकडा जायचा. आबा, म्हणजे माझे वडील, एक दिवस म्हणाले, ह्याला सरळ रेघ मारता येत न्हाई, सोडा ह्याचा नाद. मंग मी पेंटर झालो, म्हणजे आयुष्यभर सरळ रेघेत अक्षरं लिहायचा धंदा निवडला. अक्कल बघा.

ट्रकच्या मागं उघडझाप करायची लाकडी फळी असते, तिला फाळका म्हणतात. नवी गाडी आली की आधी अस्तर मारायचं, मंग रंग, मंग मालकाच्या लेकरांची नावं, 'आईचा आशीर्वाद', आणि फाळक्याच्या मधोमध सीनरी. सीनरीचा कायदा ठरलेला. दोन डोंगर, मधात सूर्य, खाली निळी नदी, काठाला लाल कौलांची झोपडी, एक नारळ आणि दोन बदकं. वरचा नारिंगी रंग ओला असतानाच चपट्या ब्रशनं खालच्या पिवळ्यात ओढत न्यायचा, की झाली संध्याकाळ. चाळीस मिनिटांत मी संध्याकाळ करायचो. आमच्या अख्ख्या मुलखात नारळ न्हाई, बदक मी जन्मात पाहिलेलं न्हवतं, पण गिऱ्हाइकानं कधी विचारलं न्हाई आणि मलाही कधी वाटलं न्हाई की विचारावं.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एका ड्रायव्हरला नदीच्या पाण्यात बायकोचा चेहरा पाहिजे होता. फोटो न्हवता, त्यानं तोंडीच सांगितलं, नाक सरळ, डोळे मोठे, कपाळ रुंद. मी काढला. तो बराच वेळ बघत राह्यला आणि म्हणाला, ही माझी मेहुणी झाली, पण राहू द्या.

तर असं छान चाललेलं असताना माझ्या आयुष्यात तो फ्रेंच माणूस आला. रद्दी वाहणाऱ्या एका गाडीच्या ड्रायव्हरनं सीनरीवर खूश होऊन मला एक जाडजूड पुस्तक दिलं. मुखपृष्ठ फाटलेलं, आत रंगीत चित्रं. पहिल्याच पानावर एका दाढीवाल्या बाबाचा फोटो, नदीच्या काठी स्टूल टाकून बसलेला, वर मोठी छत्री, पुढं चित्र. आतली सगळी चित्रं नदीचीच. पण काय नदी! सूर्य न्हाई, बदक न्हाई, झोपडी न्हाई. नुसतं करडं आभाळ, ओला काठ, चार वाकलेली झाडं आणि पाण्यात त्या झाडांची सावली. काहीच घडत न्हवतं आणि मला नजर काढवत न्हवती. त्या दिवशी मी एका गाडीचं नाव दोनदा लिहिलं.

खालचा मजकूर इंग्रजी समजून मी पुस्तक साळवे सरांपुढं ठेवलं. साळवे सर शहागडच्या हायस्कूलात इंग्रजी शिकवायचे. ते माझ्याच गावचे, गावाबाहेरच्या वस्तीतले, कोंडिबा साळव्यांचा मुलगा. छप्पन्न साली त्यांचं घर बौद्ध झालं आणि त्यानंतर कोंडिबा आमच्या घरी कामाला यायचा बंद झाला, एवढंच मला माहीत. गावात असतो तर सर आमच्या ओट्यावर बसले नसते आणि मी त्यांच्या. शहागडात टपरीला ओटाच न्हवता, म्हणून सोय झाली. मी त्यांना माझ्याच कपात चहा द्यायचो आणि त्याबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचो. लई सुधारलेला समजायचो मी स्वतःला.

सरांनी पुस्तक चाळलं आणि म्हणाले, हे फ्रेंच आहे. मी विचारलं, येतं का तुम्हाला? ते पान उलटत राह्यले. मला वाटलं, येत असणार, मोठी माणसं पटकन हो म्हणत न्हाईत. मी म्हणालो, सर, ह्या बाबाची हकिकत सांगा मला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, चहाचा घोट घेतला आणि सांगायला लागले.

मंग दर रविवारी सर यायचे आणि एखादं पान सांगायचे. असं सात वर्षं चाललं. पुस्तक संपेना, कारण सर तीन ओळींचं पान तासभर सांगायचे. फ्रेंच भाषा फार दाबून भरलेली असते, असं माझं मत झालं होतं.

त्या बाबाचं घर गावाबाहेर, नदीच्या खालच्या अंगाला. लहानपणी कोळशानं दगडावर काढायचा. शाळेत त्याला आत बसू देत न्हवते. मी विचारलं, फ्रान्समध्ये बी असं असतं? सर म्हणाले, सगळीकडं असतं, पेंटर. रंग विकत मिळायचे न्हाईत, म्हणून तो गेरू उगाळायचा, पळसाची फुलं उकळायचा. आता फ्रान्सात पळस कुठून आला, हे माझ्या डोक्यात आलं न्हाई. ज्यानं स्वतः बदक न पाहता हजार बदकं काढली, त्यानं दुसऱ्याच्या पळसाला कशाला अडवावं?

ह्या बाबाच्या नादानं माझा धंदा बसायला आला. मी छत्री आणि स्टूल घेऊन नदीवर जाऊन बसायला लागलो. लोकांना वाटलं कालव्याची मोजणी चालू आहे. दुसऱ्या दिवशी सात-आठ शेतकरी सातबारे घेऊन माझ्यापुढं उभे, की साहेब, आमच्या विहिरीवरून लाइन नेऊ नका. मंग मी ठरवलं, आता फाळक्यावर नारळ बंद, आपली बाभूळ काढायची. अंबडच्या रशीदभाईंच्या नव्या गाडीवर मी आपली उन्हाळ्यातली गोदावरी काढली. वाळू, पाण्याची एक बारीक धार, काठाला बाभळी. आयुष्यातलं पहिलं खरं चित्र. रशीदभाई आले, बघितलं आणि डोक्याला हात लावून म्हणाले, अरे अंकुश, गाडीला काटे लावतो का? साही टायर पंचर व्हतील. आणि नदी सुखी काढली, आता रेडिएटरात पानी कसं टिकंल? माझ्यादेखत त्यांनी त्यावर पंक्चरवाल्याकडून काळा रंग मारून घेतला. मी सरांना हे सांगितलं तेव्हा ते हसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, तुमच्यासमोर पुसलं का? आणि लवकर उठून गेले.

पुढच्याच रविवारी त्यांनी मला भिंतीचं पान सांगितलं. गावातल्या बड्या जमीनदाराच्या घरी लग्न होतं. त्यानं ह्या बाबाला बोलावून दारच्या भिंतीवर चित्र काढून घेतलं. तीन दिवस खपून बाबानं अख्खं गाव काढलं, नदी, घाट, बैल, पाणी भरणाऱ्या बाया. वऱ्हाडातले लोक जेवण सोडून बघायला लागले. मंग एका मानकऱ्यानं विचारलं, कुणाच्या हातचं आहे? नाव कळल्यावर तो पंगतीतून उठला, की ह्या भिंतीखाली मी जेवणार न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत पांढरी झाली. त्यानंतर बाबानं कधी काही काढलं न्हाई.

मी विचारलं, मंग ही पुस्तकातली चित्रं? सर जरा अडखळले आणि म्हणाले, ही आधीची. तेवढ्यावर मी समाधानी. तुम्हाला एव्हाना सगळं कळलं असेल. मला न्हाई कळलं. मी त्या फ्रेंच जमीनदाराला ज्या शिव्या दिल्या, त्या इथं छापता येणार न्हाईत. त्याच्या सात पिढ्या काढल्या मी. सर खाली मान घालून ऐकत होते.

इथपर्यंत माझा मूर्खपणा माझ्यापुरता होता. पण मला तो एकट्याला पुरेना. आमच्या साळवे सरांना फ्रेंच येतं, असं मी हॉटेलात, एस.टी.त, बाजारात सांगत सुटलो. ती गोष्ट हायस्कूलच्या संस्थेच्या सचिवांपर्यंत गेली. सरांची नोकरी कायम न्हवती. दर जूनला नवी ऑर्डर निघायची, सचिवांच्या सहीची, आणि दर मे महिन्यात सर वाळून जायचे. घरात बायको, दोन लेकरं, गावाकडं म्हातारा बाप. सचिवांना सरांचं शिकवणं कधी दिसलं न्हाई, पण फ्रेंच दिसलं. पाहुणे आले की ते सरांना पुढं करायचे, आमच्याकडं फ्रेंच जाणणारा मास्तर आहे. त्या वर्षी तर त्यांनी बोलून दाखवलं, औंदा तुम्हाला कायम करून टाकू. सर मला दोनदा म्हणाले, पेंटर, ते फ्रेंचचं जरा कमी करा. मला वाटलं, काय हा विनय!

आणि नेमकं त्याच मे महिन्यात आमच्या हॉटेलापुढं एक रंगीबेरंगी व्हॅन बंद पडली. आत दोन गोरी माणसं, एक केस वाढवलेला पोरगा आणि घागरा घातलेली बाई. मेकॅनिकनं सांगितलं, पार्ट औरंगाबादहून आणावा लागंल. मी खुणेनं विचारलं, कुठले? बाई म्हणाली, फ्रान्स.

आता शहाणा माणूस गप बसला असता. मी सायकल काढली आणि सुटलो तो थेट सरांच्या दारात. सर, तुमची माणसं आली! सरांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, माझं डोकं दुखून राह्यलंय. मी म्हणालो, अहो, फ्रेंच बोलाल तर पळून जाईल डोकेदुखी. त्यांना सायकलवर डबलसीट बसवून आणलं मी.

हॉटेलापुढं सगळं शहागड जमलं होतं. सचिव खुर्ची टाकून मधोमध बसले होते. मी टपरीतून पुस्तक आणून बाईच्या हातात दिलं. ती खूश झाली, पानं उलटायला लागली. सर पुढं झाले आणि हळू आवाजात तिच्याशी बोलू लागले. तीही बोलू लागली. लोक थक्क. सचिव शेजाऱ्याला म्हणाले, बघा, कसा फाडफाड चाललाय.

आता खरं सांगतो, सर इंग्रजीत बोलत होते. त्या बाईला इंग्रजी येत होतं. आणि आमच्यापैकी एकालाही इंग्रजी आणि फ्रेंच ह्यातला फरक कळत न्हवता, मला तर मुळीच न्हाई. सर त्या दिवशी सुखरूप घरी गेले असते. जूनला ऑर्डर निघाली असती. मी तोंड उघडलं नसतं तर.

मी म्हणालो, सर, तिला भिंतीची गोष्ट विचारा. त्या हलकट जमीनदाराचं पुढं काय झालं? सर म्हणाले, राहू द्या, पेंटर. मी म्हणालो, न्हाई, विचाराच, कधीपासून माझ्या मनात आहे. सचिव म्हणाले, विचारा की हो मास्तर. सरांनी बाईला काहीतरी विचारलं. तिनं पुस्तकात बघून बरंच सांगितलं. सर ऐकत राह्यले. मंग ते तिच्याकडं पाठ करून आमच्याकडं वळले.

हा माणूस श्रीमंत कापड व्यापाऱ्याचा मुलगा होता, असं त्यांनी सांगितलं. शहरात एक घर, नदीवर एक घर. हौसेनं चित्रं काढली, सरकारनं पदक दिलं, म्हातारा होऊन मेला. भिंत वगैरे काही न्हाई. मंग म्हणाले, आणि मी आत्ता बोललो ते इंग्रजी. फ्रेंच मला येत न्हाई, कधीच येत न्हवतं.

हे सांगायची त्यांना काही गरज न्हवती. सचिव खुर्चीतून अर्धे उठले. आणि मी काय केलं? मी भडकलो. माझी फसवणूक झाली, हे मला तेवढं दिसलं. भर गर्दीत मी ओरडलो, मंग सात वर्षं मला काय सांगून राह्यलात? ते म्हणाले, नंतर सांगतो. मी म्हणालो, न्हाई, आत्ता सांगा, सगळ्यांपुढं सांगा.

"माझ्या बापाचं सांगत होतो, पेंटर," सर म्हणाले. "आणि भिंत तुमच्या घरची होती. तुमच्या आत्याच्या लग्नातली."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, मंग तसं सांगायचं ना सरळ. सर त्यावर रागावले न्हाईत.

"आमचं म्हणून सांगितलं असतं तर चहा संपवून तुम्ही ब्रश उचलला असता," ते म्हणाले. "फ्रेंच म्हणून सात वर्षं ऐकलंत."

त्याच दुपारच्या एस.टी.नं मी गावाकडं गेलो. आबा ओसरीवर सुपारी कातरत होते. आत्याचं लग्न माझ्या जन्माआधीचं. मी विचारलं, आत्याच्या लग्नात दारच्या भिंतीवर चित्र कुणी काढलं होतं? आबांनी डोळे मिटून आठवलं. लग्नातलं त्यांना सगळं आठवत होतं, वऱ्हाड किती गाड्यांनी आल्तं, कोण रुसला, बुंदी कशी कमी पडली. चित्र काही आठवेना. म्हणाले, चित्र न्हवतं बा, भिंतीला चुना असतो. आबा खोटं बोलत न्हवते. ते खोटं बोलले असते तर मला भांडता तरी आलं असतं. शिवाय आबांच्या सात पिढ्या मी आधीच काढून बसलो होतो, त्यातली एक मी स्वतः.

जूनला सरांची ऑर्डर निघाली न्हाई. सचिव म्हणाले, खोटारडा मास्तर आम्हाला नको. ज्यानं गरज नसताना खरं सांगितलं त्याला खोटारडा म्हटलं, आणि ज्यानं गावभर खोटं पसरवलं तो मी टपरीत सूर्य रंगवत बसलो. मी सचिवांकडं गेल्तो, चूक माझी आहे म्हणालो. त्यांनी मला चहा पाजला आणि दारावरची पाटी नव्यानं लिहून मागितली. सरांना औरंगाबादेत शाळा मिळायला पुढं सव्वा वर्ष गेलं, त्यात त्यांनी शिकवण्या केल्या, गोदामात कारकुनी केली. सर शहागड सोडून निघाले तेव्हा मी स्टँडवर त्यांची ट्रंक टपावर चढवली आणि माफी मागितली. ते म्हणाले, माझी मागू नका, गावाकडं म्हातारा आहे.

जायला मला चार महिने लागले. गावातल्या त्या वस्तीत मी त्याआधी कधी पाय ठेवला न्हवता, गाव माझंच असून. कोंडिबा अंगणात दोरी वळत बसले होते. काय हाक मारावी तेच कळेना, कारण आमच्या घरात त्यांना लहान पोरंसुद्धा एकेरीत बोलवायची. मी 'बाबा' म्हणालो. त्यांनी वर बघितलं आणि घोंगडी झटकून मला बसायला टाकली. मी सगळं एका दमात बोलून टाकलं, की चला, आमच्या त्याच भिंतीवर पुन्हा चित्र काढा, आबांना मी बघून घेतो, खाली तुमचं नाव मोठ्या अक्षरात मी स्वतः लिहितो. बोलताना मला माझाच अभिमान वाटून राह्यला होता. आताही लाज वाटते ती त्याची.

कोंडिबांनी दोरीचा पीळ सुटू दिला न्हाई. म्हणाले, तुमच्या भिंतीवर न्हाई काढणार. आमच्या आतल्या खोलीची भिंत रिकामी हाय. रंग असले तर द्या.

दुसऱ्या दिवशी मी टपरीतले सगळे डबे घेऊन गेलो. तीन दिवस ते काढत होते आणि मी रंग कालवून देत होतो. त्यांचा ब्रश एकदा भिंतीला लागला की थांबायचा न्हाई. मी एकदा सांगायला गेलो, की पाण्यात सावली अशी टाकायची. ते थांबले, माझं पुरतं ऐकून घेतलं आणि स्वतःला पाहिजे तशी टाकली. ती बरोबर होती. नदी झाली, घाट झाला, बैल, पाणी भरणाऱ्या बाया, अख्खं गाव झालं. आमचं घरही होतं, माळवद, दार, दारातला लिंब. दारच्या भिंतीवर तेवढा नुसता पांढरा रंग होता. मी म्हणालो, बाबा, एवढी जागा काढायची राह्यली.

कोंडिबांनी ब्रश रॉकेलात बुडवला आणि फडक्याला पुसला.

"राह्यली न्हाई," ते म्हणाले. "तो चुना हाय. तो बी माझ्याच हातानं मारून घेतला व्हता."